येळवसची अनवाणी फेरी

फुकट मिळतंय म्हटलं की आमचे मालक, गौरीशंकर, विंचूसुद्धा खिशात घालून घरी आणतील. सास्तूरच्या शिवारात आमच्या रानाला लागूनच सोलरचा प्रकल्प आहे. उन्हाळ्यात गारपीट झाली आणि तिथली बरीच पॅनल फुटली. रिसायकलवाल्यांची गाडी येईपर्यंत ती तुमच्या बांधावर राहू द्या, असं प्रकल्पाचा साहेब म्हणाला. मालकांनी लगेच मान डोलावली. मी नको म्हणाले, तर बायकांना यातलं कळत नाही, हे ठरलेलं उत्तर मिळालं.

त्यांचा डोळा होता ॲल्युमिनियमच्या चौकटींवर. हातोडा घेऊन त्यांनी एकेक चौकट उचकटली आणि भंगारवाल्याला घातली. काच कुणी घेईना, ती बांधावरच राहिली. पावसाच्या पाण्याबरोबर ती रानात उतरली आणि पेरणीआधी कुळवाची पाळी घातली तेव्हा मातीत चांगली कालवली गेली. उशिरा का होईना, गाडी आली. आम्ही पॅनल ठेवली होती, हा चुरा आमचा नव्हे, असं म्हणून साहेबानं हात झटकले. मला असा संताप आला की कितीतरी दिवस मी मालकांशी धड बोलले नाही.

मला काळजी अप्पांची होती. अप्पा म्हणजे माझे सासरे, शरणप्पा. येळवसच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला ज्वारी भरात असते. त्या दिवशी घरातला मोठा माणूस आंबील शिंपडत रानाला फेरी घालतो. अप्पांनी ती जन्मभर अनवाणी घातली. आता त्यांना साखरेचा आजार आहे, पायाची जखम भरता भरत नाही. म्हणून यंदा मी त्यांच्यापुढं चपला ठेवल्या.

"सूनबाई, भुई पोटुशी हाय," रानाकडं बघत ते म्हणाले. "तिच्या अंगावर चपला घालून चढू का म्या?"

रानात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पूजा झाली. आंबिलीचं मडकं घेऊन ते ज्वारीच्या कडेनं निघाले आणि पहिल्याच कोपऱ्यावर मटकन खाली बसले. टाचेत काच शिरली होती. मी ती काढली, फडकं बांधलं. मालक शेजारी उभे राहून कंपनीवर केस करण्याच्या गप्पा मारत होते. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

अप्पांनी मूठभर माती उचलली, तीतही काच चमकत होती.

"आण त्या चपला," शेवटी ते म्हणाले.

उरलेली फेरी त्यांनी चपला घालून पुरी केली. दरवर्षी आंबील शिंपडताना ते भूमीला मोठ्यानं हाक मारतात. या खेपेला मान खाली घालून, चोरी केल्यासारखे, नुसते चालत राहिले.