सहाव्या रिळातला श्वास

बाजाचं संगीत जितक्या लोकांनी ऐकलं तितक्यांनी फार थोड्या संगीतकारांचं ऐकलं असेल, आणि त्यातल्या एकानेही ते स्वखुशीने ऐकलं नव्हतं. टेलिफोन कंपनीकडे तक्रार करायला फोन लावला की 'कृपया प्रतीक्षा करा'च्या मागे जी धून वाजते, ती त्याची. लोक ती वीस-वीस मिनिटं ऐकत आणि मनातल्या मनात कुणाचा तरी गळा दाबत. शिवाय एक टूथपेस्ट, दोन पंखे आणि डास मारायचं एक औषध. बारा वर्षांत एवढंच. सिनेमाला संगीत द्यायचं हे त्याने विसाव्या वर्षी ठरवलं होतं; सिनेमावाल्यांनी मात्र अजून काही ठरवलं नव्हतं.

बाजा हे घरातलं नाव. लहानपणी तो डब्याच्या झाकणापासून दाराच्या कडीपर्यंत हाती येईल ते वाजवायचा, म्हणून बाबांनी वैतागून ठेवलेलं. पुढे बाहेरही तेच रूढ झालं. आता घरात दोघंच, बाजा आणि बाबा, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. एकीत बाजाचा स्टुडिओ होता, म्हणजे भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. दुसरीत बाबा होते. मधली भिंत इतकी पातळ की खिळा ठोकताना पलीकडच्याला आधी सांगावं लागे.

बाबांनी पस्तीस वर्षं लोकांच्या घरातल्या फरशा मशीनने घासून गुळगुळीत केल्या. फरशा चमकल्या आणि त्यांची भुकटी बाबांच्या फुप्फुसात जाऊन बसली. श्वास आत घेताना घासत जायचा, बाहेर येताना कुठेतरी अडकायचा, मग एकदम सुटायचा. बाजाची थोरली बहीण, ताई, इस्पितळात नर्स. दोन गल्ल्या सोडून राहायची. रोज सकाळी ड्यूटीवर जाताना यायची, बाबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायची आणि आकडा वहीत लिहायची. तिचे नियम दोनच होते. वाफेचं मशीन दिवसातून तीनदा लावायचं, त्यातलं दुपारचं दोनच्या ठोक्याला, आणि लावल्याची वेळ वहीत लिहायची. आणि आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की हातातलं सगळं टाकून तिला फोन करायचा.

अशात एका दिग्दर्शकाने बाजाला दहा मिनिटांची चित्रफीत पाठवली. भयपट होता. गोष्ट श्वास घेणाऱ्या एका घराची. तीच दहा मिनिटं त्याने आणखी दोन संगीतकारांनाही पाठवली होती. "स्पर्धा वगैरे नाही सर, नुसतं बघायचंय," असं त्याने तिघांनाही सांगितलं होतं. या धंद्यात सगळे सगळ्यांना सर म्हणतात. ज्याला काम द्यायचं नसतं त्याला जरा जास्तच.

बाजाने दोन आठवडे खपून एक व्हायोलिन रेकॉर्ड केलं. एका ध्वनिमुद्रणात भिंतीपलीकडून बाबांचा श्वास झिरपून आला होता, म्हणून त्याने दुसरं, स्वच्छ, करून घेतलं. आणि घाईघाईत पाठवलं ते पहिलं. चूक लक्षात आली तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. असली चूक केली की पुन्हा फोन येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

फोन दुसऱ्याच दिवशी आला.

"सर, ते खालचं काय आहे?"

बाजाने माफी मागायला तोंड उघडलं. "खालचं म्हणजे..."

"व्हायोलिनच्या खालचं हो. घासत येतं आणि अडकतं ते. माझ्या अंगावर काटा आला. व्हायोलिन काढून टाका. ते कुठलं वाद्य आहे?"

खरं सांगायला दोन सेकंद पुरेशी असतात, आणि बाजाकडे ती होती.

"माझं स्वतःचं आहे," तो म्हणाला. "घरीच तयार केलंय."

कुणी कुणाला तयार केलं याबद्दल या वाक्यात थोडी गफलत होती, पण दिग्दर्शक तिकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत नव्हता. बाकीच्या दोघांनी चाळीस-चाळीस व्हायोलिनं पाठवली होती, आणि घाबरलं कुणीच नव्हतं. त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं की सिनेमाची सहा रिळं आहेत, हा आवाज पहिल्यापासून सहाव्यापर्यंत वाढत गेला पाहिजे. तो शेवटपर्यंत टिकला तर सिनेमा बाजाचा. नाहीतर दुसऱ्याला थांबवून ठेवलंच आहे.

बाबांना सांगणं भाग होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पडद्यावर नाव कुणाचं येणार? बाजाने सांगितलं की संगीतकाराचं येतं, वाद्याचं नसतं.

"म्हणजे फरशीसारखंच," बाबा म्हणाले. "चालतात सगळे, विचारत कुणी नाही."

पहिल्या दिवशी उशाशी माइक लावल्यावर बाबांनी इतका जीव ओतून श्वास घेतला की नाटकातला खलनायक परवडला. दिग्दर्शकाने ते लगेच पकडलं. वाद्य आज खोटं वाजतंय, म्हणाला. तेव्हापासून बाजा बाबा झोपल्यावरच रेकॉर्ड करू लागला. बाबा जेवून एकला आडवे व्हायचे. सकाळच्या वाफेचा असर तोवर संपत आलेला असायचा, त्यामुळे एक ते दोन हा तास आवाजाच्या दृष्टीने उत्तम होता. दोनला गजर वाजायचा, बाजा रेकॉर्डिंग थांबवायचा, मशीन लावायचा. पहिली तीन रिळं अशी सरळ पार पडली. दिग्दर्शकाची बायको ऐकता ऐकता खोलीतून उठून गेली, ही बातमी बाजाला बक्षिसासारखी कळवण्यात आली. बारा वर्षांत त्याचं संगीत ऐकून कुणी उठून गेलं असेल तर कंटाळूनच.

मग ताईने घोळ घातला. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागून तिने बाबांसाठी नवीन गोळ्या आणल्या, आणि चार दिवसांत बाबांचा श्वास मोकळा झाला. ते गॅलरीत जाऊन बसू लागले, शेंगा सोलू लागले, दुपारी आवाज न करता झोपू लागले. ताईने वहीत चौऱ्याण्णव लिहून खाली दोन रेघा ओढल्या. जाताना बाजाच्या पाठीवर थाप मारून गेली. बाबांची काळजी घेतो म्हणून.

"सर, वाद्य दुरुस्त केलंत का?" त्या संध्याकाळी दिग्दर्शकाने विचारलं. "नका हो करू."

बाजाने सगळे उपाय केले. जुना श्वास संथ करून पाहिला, तीन श्वास एकमेकांवर चढवून पाहिले, स्वतः जिना चार वेळा चढून-उतरून माइकसमोर धापा टाकल्या. दिग्दर्शकाचा कान मात्र कसायाच्या सुरीसारखा. हा माणूस वाटतोय, म्हणाला, मला घर पाहिजे. आणि जाता जाता, दुसरे संगीतकार परवा चौकशी करत होते, असंही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोनचा गजर वाजला तेव्हा बाजाने तो बंद केला आणि मशीन अडीचला लावलं. अर्ध्या तासाने काय होतंय? डॉक्टर स्वतः तासभर उशिरा येतात. पुढच्या दिवशी तीन वाजले, मग सव्वातीन. वहीत त्याने दर दुपारी स्वच्छ अक्षरात 'दोन' लिहिलं. श्वास पुन्हा घासायला लागला, पण थोडाच; चौथं रीळ त्यावर कसंबसं निघालं. गोळ्या आपलं काम करत होत्या. बाबा काही बोलत नव्हते, आणि बाजा हे शुभचिन्ह मानत होता.

एकदा जेवताना बाबांनीच विषय काढला.

"पाचव्याला अजून किती लागेल?"

"काय किती?"

"आवाज." बाबांनी भाताचा घास चावून गिळला, मध्ये थांबून दम घेतला. "गोळी मी जिभेखाली धरतो आणि मग काढून टाकतो. कालपासून. ताईला बोलू नकोस. ती सुरू झाली की त्या मशीनपेक्षा जास्त आवाज करते."

इथे मुलाने काय म्हणायला हवं हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही. बाजाने पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"मग आज माइक जरा जवळ घेतो," तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली. मुलाचं काहीतरी मार्गी लागतंय, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

पाचवं रीळ पास झालं. निर्मात्याला दिवसाउजेडी भीती वाटली म्हणे. सकाळचे आकडे एकेक उतरत एकोणनव्वदवर आले तेव्हा ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या. हवा बदलली आहे, बाजा म्हणाला. सोमवारी बाबांना पुन्हा तपासायला न्यायचं असं ठरवून ती गेली. दिग्दर्शकाला सहावं रीळ शुक्रवारी हवं होतं.

सहाव्या रिळात घर मरायचं होतं.

"कापलेलं नको हं सर," दिग्दर्शकाने फोनवर समजावून सांगितलं. "श्वास चालू आहे आणि मध्येच कात्री मारली, तर ते कळतं. आपोआप थांबला पाहिजे. थांबताना त्याचं त्यालाही कळता कामा नये."

बाजा बघतो म्हणाला. त्याच्या मनात तसं काही नव्हतं, हे इथे नोंदवलं पाहिजे. झोपेत बाबांचा श्वास कधी कधी पाच-सहा सेकंद थांबायचा. त्यातलाच एखादा लांबसा थांबा मिळाला की काम झालं, असा त्याचा हिशेब होता.

गुरुवारी जेवण झाल्यावर बाबा आडवे झाले. बाजाने माइक उशीपासून वीतभर अंतरावर ठेवला, खिडकी लावली, पंखा बंद केला आणि आपल्या खोलीत येऊन दार ओढून घेतलं. बाबांच्या खोलीत बसलं तर कपड्यांची सळसळ येते. हेडफोन कानावर चढवले. पडद्यावरची हिरवी पट्टी श्वासाबरोबर वर चढत होती, खाली येत होती.

दोन वाजले. अडीच झाले. पहिले दोन टेक साधारण होते.

तिसऱ्यात पट्टी खाली आली आणि चार सेकंद खालीच राहिली. मग वर. मग सात सेकंद. बाजा पुढे सरकून बसला, श्वास रोखून, कारण त्याच्या खुर्चीला बारीक कुरकुर होती आणि भिंत पातळ होती. अकरा सेकंद. इतका लांब थांबा त्याला आजवर मिळाला नव्हता. त्याचा हात आपोआप हवेत उचलला गेला, वादकाला थांबवून धरतात तसा. एक श्वास आला, अगदी पातळ, न घासता. पट्टी खाली आली.

बाजा मोजत राहिला. वीस. तीस. चाळीस.

आवाजाच्या धंद्यात एक पद्धत आहे. टेक संपला तरी कुणी लगेच हलत नाही. रिकाम्या खोलीचा नुसता आवाज एक मिनिट घेऊन ठेवायचा असतो, पुढे ठिगळं लावायला उपयोगी पडतो. नवशिके तेवढ्यात खोकतात किंवा उठतात, आणि शिव्या खातात. बाजा नवशिका नव्हता. टेक संपल्याची त्याने मनाशी नोंद केली, आणि पुढचं मिनिट घड्याळ लावून पूर्ण घेतलं. मग फाइलला नाव दिलं: सहावं रीळ, टेक तीन, ओके. मग हेडफोन काढले.

मग तो धावला.

ताई रुग्णवाहिकेच्या आधी पोचली, पण त्याचा उपयोग झाला नाही. फुप्फुसं कामातून गेलीच होती, आज ना उद्या हे व्हायचंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं ते वाक्य बाजाने जपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. फाइल शुक्रवारी गेली.

आठ दिवसांनी ताई बाबांच्या वस्तू आवरायला आली. चिमटा, चष्मा, वाफेचं मशीन असं सगळं तिने पिशवीत भरलं आणि वही चाळत कॉटवर बसली. पंधरा दुपारी, पंधरा वेळा 'दोन', एकसारख्या अक्षरात. इस्पितळात तिने वीस वर्षं अशा वह्या तपासल्या होत्या. पंधरा दिवस कुणीच दोनच्या ठोक्याला मशीन लावत नाही, कधी पाच मिनिटं इकडे, कधी दहा तिकडे. पंधराही वेळा दोन लिहितो तो घड्याळ न बघणारा.

बाबांच्या उशाशी माइक होता हे तिने त्या गुरुवारीच पाहिलं होतं. ती स्टुडिओच्या दारात आली.

"ऐकव," ती म्हणाली.

काय ऐकवू असं बाजाने विचारलं नाही. तिने हेडफोन लावले, मनगट वळवून घड्याळ समोर धरलं आणि रुग्णाची नाडी बघावी तशी ऐकू लागली. मग तिने बोट वर केलं.

"इथे. इथे उठायचं होतंस."

बाजाने वाकून पडद्यावर पाहिलं. सात सेकंदांचा तो थांबा संपत होता.

"तिथे उठलो असतो तर खुर्ची वाजली असती," तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती ऐकत राहिली. पातळ श्वास आला आणि गेला. पट्टी खाली पडून राहिली, आकडे पुढे सरकत राहिले.

"आता हे काय चाललंय?"

"खोलीचा आवाज आहे तो. घ्यावा लागतो."

"किती?"

"एक मिनिट."

तिने ते मिनिट घड्याळात बघत पूर्ण ऐकलं. एका मिनिटात काय काय करता येतं हे तिला तोंडपाठ होतं. मनातल्या मनात ती ते एकेक करत असावी, कारण मांडीवर तिचे दोन्ही हात हलत होते. मिनिट संपलं. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि त्याच वेळी फोन वाजला. बाजाने सवयीने स्पीकर लावला.

दिग्दर्शक होता. निर्माता रडला म्हणाला, चक्क रडला. सिनेमा बाजाचा, कागद सोमवारी येतायत, आणि दुसऱ्या भागाचंही बोलणं झालंय. घर पुन्हा श्वास घ्यायला लागतं अशी कल्पना आहे.

"फक्त एक बारीकसं होतं सर. तो शेवटचा श्वास जरा पातळ वाटतोय. बाकी थांबणं एकदम ए-वन. अजून एक टेक मिळेल का?"

ताई बाजाकडे बघत होती. भिंतीपलीकडे बाबांची खोली होती आणि खिडकी आठ दिवस लावलेलीच होती. बाजाने फोन तोंडाजवळ घेतला.

"कधीपर्यंत हवाय?" त्याने विचारलं.