पाचव्या दिवशी आराम

"ह्या बुटात माझी बोटं भावकीसारखी भांडताहेत," ताई पुटपुटल्या. हे त्या दुकानदाराला म्हणाल्या नव्हत्या, की पायाशी गुडघे टेकून नाड्या आवळणाऱ्या भावजयीलाही नव्हत्या. बुटालाच म्हणाल्या होत्या.

भावजयीने बुटाचं टोक दाबून पाहिलं. पुढे अंगठाभर जागा होती. तिने तेवढंच सांगितलं आणि ताईंचा दुसरा पाय मांडीवर घेतला. तिला सगळे दातवाली म्हणत, कारण ती कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून तोंडांचे ठसे यायचे, त्यांवरून प्लास्टरचे साचे, साच्यावर मेण, मेणात एकेक दात. बावीस वर्षं परक्यांचे जबडे हातात घेऊन बसलेल्या बाईला नणंदेच्या पायाचं काय कौतुक.

ताई म्हणजे तिच्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. वय एकसष्ट. पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढलेली; चालण्याचा सराव म्हणाल तर खुर्चीपासून कपाटापर्यंत. आणि आता त्या आठ किलोमीटर डोंगर चढून धडधडता ज्वालामुखी बघायला निघाल्या होत्या. त्यांना कोणी चला म्हटलं नव्हतं. बेत कानावर आला त्याच संध्याकाळी त्या आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, मीपण येते, तुम्हा दोघांच्या मध्ये बोलायला कोणीतरी लागेल. ते खरंच होतं.

ज्वालामुखी घरात शिरला तो एका फोटोतून.

मुलगा तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. पोराला त्याने हाताखाली घेतलं होतं, आणि आपल्यामागे हाच सगळं बघेल अशी मनाशी गाठ मारून ठेवली होती. पोराने मात्र परस्पर दूरदेशी एका बेकरीत काम मिळवलं आणि तिकीट हातात पडल्यावर बापाच्या कानावर घातलं. आईला दोन महिने आधीपासून ठाऊक होतं. तिने ते पोटात ठेवलं होतं. दारात बॅगा उभ्या असताना बाप म्हणाला, जायचं तर जा, पण परत येऊ नकोस. मुलाने आयुष्यात बापाचा एक शब्द कधी ऐकला नव्हता. तेवढा नेमका ऐकला.

तेव्हापासून दातवालीला फारसं काही वाटत नसे. रडू आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, पण तेही आलं नाही. एकदा कामावर वितळलेलं मेण बोटावर सांडलं, तर तिने आधी टेबल पुसलं आणि मग आठवलं की आपल्याला भाजलं असणार. नवरा झोपेत दात खायला लागला. तिने त्याच्या तोंडाचा ठसा घेतला, रात्री दातांत घालायची पट्टी करून दिली. साचा उजेडात धरला तेव्हा दाढा झिजून पाट्यासारख्या सपाट झालेल्या दिसल्या. गेल्या तीन वर्षांतली त्याची तेवढीच काय ती तक्रार, आणि तीही तिला प्लास्टरमध्ये वाचावी लागली.

महिन्या-दोन महिन्यांनी मुलाचा आईला निरोप यायचा. ठीक आहे, एवढाच. मग सात महिने तेही नाही. आणि एका सकाळी फोटो आला. खिडकीची कड, तिच्यावर काळ्या राखेचा थर, थरात बोटाने ओढलेली एक रेघ. खाली अक्षर नाही. तिकडचा डोंगर फुटलाय हे तिने बातम्यांत शोधून काढलं. दुपारी जेवताना तिने फोन दोन ताटांच्या मध्ये ठेवला. नवऱ्याने हात पुसला, फोटो मोठा केला, त्या रेघेपर्यंत गेला, पुन्हा लहान केला. मुलगा कसा आहे, हे त्याने विचारलं नाही.

"हा ज्वालामुखी जवळून बघता येतो का?" त्याने विचारलं.

येत होता. त्यासाठी एक सहल कंपनी होती, वाटाड्या होता, बारा जणांचा गट होता. धगधगणाऱ्या तोंडापासून दोन किलोमीटरवर डोंगराची एक धार होती, तिथे उभं राहून बघायचं. नवऱ्याने तिघांची नावं लावली आणि घराचा नूरच पालटला. राखेसाठी मास्क आले. धारदार दगडांनी हात कापू नयेत म्हणून जाड हातमोजे आले. डोक्याला बांधायचे दिवे आले, ते लावून ताईंनी एकदा फ्रिजमागे पडलेली कानातली फिरकी शोधली. नवऱ्याने पाठीवरच्या पिशवीत दातवालीच्या कामावरचं दहा किलो प्लास्टर भरलं आणि संध्याकाळी इमारतीचे नऊ मजले चढायला-उतरायला सुरुवात केली. लिफ्टवालाच जिना चढतोय म्हटल्यावर चार बिऱ्हाडांनी लिफ्ट बंद पडल्याची तक्रार नोंदवली, आणि ती फिरून फिरून त्याच्याच फोनवर आली. सहाव्या मजल्यावर धापा टाकत त्याने स्वतःच ती घेतली, अशी गोष्ट ताई ओळखीपाळखीत सांगत. तो हसत नसे, पण सांगू नका असंही म्हणत नसे.

डोंगरावर कॅमेरा बसवलेला होता. तो चोवीस तास चालू. सकाळी चहाबरोबर नवरा तो फोनवर लावी आणि खबर देई. काल बराच भडकला होता. आज पहाटेपासून जरा शांत आहे. ताई विचारत, काळवंडलाय का रे छोट्या? छोट्या, म्हणजे छप्पन्न वर्षांचा त्यांचा भाऊ, म्हणे, नाही, तब्येत चांगली आहे. दातवाली म्हणे, तिकडे वारं फार सुटतं म्हणतात. एवढ्या आपुलकीची चौकशी त्या घरात बऱ्याच काळात कोणाची झाली नव्हती. तिघंही ती करून आपापल्या कपाकडे बघत.

प्रवासाचा आराखडा नवऱ्याने लिफ्टच्या दुरुस्तीपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिला. पहिला दिवस, पोचणे. दुसरा, आराम. तिसरा, चढणे. चौथा, उतरणे. सहावा, परतणे. पाचव्या दिवसापुढे नुसती एक आडवी रेघ होती.

"पाचव्या दिवशी काय?" ताईंनी चष्म्यावरून विचारलं.

"आराम."

"दुसऱ्या दिवशीही आरामच आहे."

"उतरल्यावर पाय भरून येतात," नवरा म्हणाला आणि कागदाची घडी घातली.

दातवालीने नकाशा पाहिला होता. मुलाचं शहर डोंगराच्या पायथ्यापासून बसने तीन तासांवर. तीन जायला, तीन यायला, मध्ये दुपार मोकळी. पायथ्याच्या गावात दोन हॉटेलं होती. एक झाडीत, तळ्याकाठी. दुसरं बसस्थानकासमोर, आणि तिथे राहून गेलेल्या प्रत्येकाने लिहून ठेवलं होतं की पहाटे पाचपासून बसगाड्यांचा भोंगा सुरू होतो, डोळा लागत नाही. नवऱ्याने ते दुसरं घेतलं. तिची झोप सावध, हे त्याला पक्कं माहीत होतं. का, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर दिल्यावर कदाचित त्याने हॉटेल बदललं असतं.

मुलाला तिने कळवलं होतं. आम्ही ज्वालामुखी बघायला येतोय, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, मी, बाबा आणि आत्या. ये म्हणावं का भेट म्हणावं, ह्यावर कामाच्या टेबलाशी तिने पाऊण तास घालवला, तेवढ्यात मेण घट्ट झालं, आणि शेवटी तिने दोन्ही लिहिलं नाही. उत्तर दोन दिवसांनी आलं. "बूट चांगले घ्या."

तिने ते बरेचदा वाचलं. त्यात येऊ नका असं नव्हतं. या असंही नव्हतं. त्याने भेटायचं ठरवलं की नाही, हे त्या तीन शब्दांना दाबून-पिळून कळण्यासारखं नव्हतं. तिने ते कोणाला दाखवलं नाही. शहरातल्या सगळ्यात चांगल्या बुटांच्या दुकानात मात्र सगळ्यांना नेलं. ताईंच्या भांडकुदळ बोटांना तिथे अखेर एक नंबर मोठा जोड मिळाला.

निघायला अकरा दिवस उरले आणि सकाळी नवऱ्याने फोन दोनदा झटकला.

"आज कॅमेऱ्यात काही नाही."

ढग असतील, दातवाली म्हणाली. दुसऱ्या दिवशी ढग नव्हते. काळा डोंगर लख्ख दिसत होता, माथ्यावर पातळशी वाफ, बस. आता तिघंही तज्ज्ञ झाले. ताईंचं म्हणणं पडलं की ही जात अशीच, मध्येच दम धरते. नवऱ्याने पुराव्यानिशी सांगितलं की मागच्या खेपेला पाच दिवस गप्प राहून पुन्हा उसळला होता. पाच दिवस झाले, सहा झाले. नवरा कामावरून फोन करू लागला, आधी कधी करत नसे. काही दिसलं का, विचारायचा. ती एका हातात साचा धरून दुसऱ्या हाताने कॅमेरा बघे आणि सांगे, नाही. बरं, असं म्हणून तो फोन ठेवी.

बातमीत एका ओळीत आलं की उद्रेक संपल्याचं तिथल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलंय. ती ओळ तिघांनीही आपापल्या फोनवर वाचली होती. कोणी कोणाला सांगितली नाही. पिशव्या भरणं चालूच राहिलं.

रविवारी सकाळी टेबलावर मोजे, मास्क, औषधं पसरलेली असताना सहल कंपनीचा फोन आला. नवऱ्याच्या दोन्ही हातांत पिशवीचा पट्टा होता, म्हणून दातवालीने फोनचा आवाज मोठा करून मध्ये ठेवला. कंपनीतली मुलगी गोड बोलणारी होती. तिने आधी वाईट वाटत असल्याचं सांगितलं, मग उद्रेक थांबल्याचं सांगितलं. बारांपैकी नऊ जणांनी नावं काढून घेतलीत, उरलेत ते तुम्ही तिघंच. वाट बंद नाही, पण वर जाऊन उपयोग नाही. त्याऐवजी पुढच्या मोसमात दुसरीकडे एक छान धबधब्याची सहल आहे. तर तिघांची नावं काढू ना?

ताईंनी एक मोजा घेतला, त्याची जोडी शोधू लागल्या. जोडी त्यांच्याच मांडीवर होती.

दातवालीला काहीतरी बोलायचं होतं. दाताच्या दवाखान्यात सुई टोचल्यावर जीभ तोंडात असते पण आपली नसते, तसं तिचं झालं होतं. हो म्हटलं की संपलं. नाही म्हटलं की का, ते सांगावं लागेल. काहीच न दिसणाऱ्या डोंगरासाठी एवढ्या लांब कोण जातं, आणि आईवडील नुसतेच येताहेत असं कळल्यावर पोर दार उघडेल की बाहेरगावी निघून जाईल, कोणी सांगावं. ज्वालामुखी असला की सोपं होतं. ज्वालामुखी बघायला आलो होतो, जाता जाता डोकावलो, असं म्हणता आलं असतं.

"थोडा धूर तरी असेल?" नवऱ्याने विचारलं.

वाफ असते म्हणे, सकाळच्या वेळी. दगड गरम असतील? आतून असतील काका, वरून कळत नाही. मग राख? ती तर पावसाने धुऊन गेली. नवऱ्याने पिशवीचा पट्टा ओढला, सैल केला, पुन्हा ओढला. वरून लांबचं काय काय दिसतं, असं त्याने विचारलं. शहर वगैरे दिसतं का?

मुलगी मायेने म्हणाली, "काका, खरं सांगू का? तिथे आता बघण्यासारखं काही उरलं नाहीये. तुम्ही उगाच कशाला त्रास घेता?"

नवऱ्याने पट्टा सोडला. फोन स्वतःकडे ओढला आणि त्यावर वाकला, बहिरा माणूस वाकतो तसा. दातवालीने त्याचा जबडा हललेला पाहिला, एकदा, दोनदा. तिला वाटलं हा आता नावं काढा म्हणणार.

"आमचा मुलगा राहतो तिथे," तो म्हणाला. "मीच त्याला परत येऊ नकोस म्हटलं होतं. म्हणून आम्हाला जावं लागतंय."