डाव्या हाताची गाठ

घरात तिला सगळे पुस्ती म्हणत. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतल्या बाजूने जो कोरा कागद चिकटवतात त्याला बाइंडर लोक पुस्ती म्हणतात. पुस्तक शिवून, कापून तयार झालं की ती लागते, सगळ्यात शेवटी. थोरल्या मुलानंतर अकरा वर्षांनी ही झाली, तेव्हा तिचे बाबा म्हणाले होते, "पुस्तक झालं समजून मी दोरा तोडून बसलो होतो. ही पुस्ती राहिलीच होती की!" बाइंडराच्या घरात चिकटलेलं नाव, ते कसलं सुटतंय.

आता ही पुस्ती घरापासून इतकी लांब येऊन पडली होती, की ती सकाळी उठायची तेव्हा घरी दुपारची जेवणं उरकलेली असत. शहर मोठं होतं. पहिल्याच आठवड्यात तिने विद्यापीठात जाण्यासाठी उलट दिशेची बस धरली आणि शेवटच्या थांब्यावर जाऊन पोचली. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं, खांदे उडवले आणि स्वतःच्या डब्यातलं सफरचंद काढून खायला लागला. ती तशीच बसून राहिली. बस परत फिरेल तेव्हा फिरेल. चूक झाली हे कुणाला सांगावं, कोणत्या शब्दांत सांगावं, हेच तिला उमगेना.

खोली चौथ्या मजल्यावर. एक पलंग, एक कपाट, भिंतीला जखडलेलं टेबल आणि त्या टेबलाच्या बरोबर समोर एक रुंद आरसा. लिहायला बसलं की समोर आपण. कुणाच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना देव जाणे, पण सुरुवातीचे कित्येक दिवस आपल्या भाषेत हलणारं तेवढंच एक तोंड तिला दिसत होतं.

दुसरं तोंड भेटलं ते फजितीतून. तिच्या खोलीचं दार आपसूक बंद व्हायचं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडायचं नाही. हे तिला कळलं ते ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल आणि पायात सपाता अशा अवस्थेत व्हरांड्यात उभी असताना. किल्ली आत, चष्मा आत. तेवढ्यात मागून खणखणीत मराठी आलं, "अगं बाई, अडकलीस ना? प्रत्येक नवीन माणूस एकदा अडकतंच. चल माझ्या खोलीत, रखवालदार येईपर्यंत हीटरपाशी बस."

ही तिसऱ्या वर्षाला होती. कोणत्या दिवशी कपडे धुवायचे, फ्रिजमधला कोणता कप्पा कुणाचा, हे सगळं तिला पाठ. म्हणून तिला सगळे मॉनिटर म्हणत. पुस्तीला परक्या मुलखात एकदम एक मोठी बहीण मिळाली. पण मोठ्या बहिणीसमोर रडता येतं म्हणून काही घर विसरलं जात नाही.

निघताना बाबांनी तिच्या बॅगेत एक वही ठेवली होती. पहिलीपासूनची ही रीत. पुस्तीने दुकानातली वही कधी वापरलीच नव्हती. बाहेरच्या खोलीत बाबांचं कामाचं टेबल, एक दाबाचं यंत्र, खळीचं पातेलं. एवढाच त्यांचा कारखाना आणि ते एकटेच त्याचे मालक, कामगार, हमाल. आई दुपारी कागदाला घड्या घालून द्यायची. आठ कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की एक जुस. असे दहा जुस बाबा सुईदोऱ्याने एकमेकांना शिवत, टाका बसला की करंगळी जराशी उचलत, आणि शेवटच्या जुसाच्या पोटात गाठ मारत.

बाबा डावखुरे. त्यामुळे त्यांच्या गाठीचा पीळ उलटा पडायचा आणि दोऱ्याची दोन्ही टोकं डावीकडे झुकायची. बाइंडिंगचं काम देणाऱ्या प्रेसचे मालक थट्टेने म्हणत, "तुमच्या पुस्तकावर नाव छापायला नको. पोट फाडलं की सही सापडते." पुस्ती लहानपणी शिवायला शिकली तीही यामुळे जरा वेगळ्या तऱ्हेने. शेजारी बसून बघितलं की तिचे हात गोंधळायचे. शेवटी बाबांनी तिला समोर बसवलं. "आरशात बघतेस असं समज. माझा डावा तो तुझा उजवा." तेव्हा कुठे जमलं. गाठ मात्र तिची उजवी, सगळ्या जगासारखी.

दादाने सुईला कधी हात लावला नाही. खळीच्या वासाने त्याचं डोकं उठायचं. तो पाणीपुरवठा खात्यात कारकून होता.

"ही संपत आली की कळव," निघताना बाबा म्हणाले होते. "दुसरी पाठवतो. तिथल्या गोंदाने चिकटवलेल्या वह्या घेऊ नकोस, थंडीत पानं गळतात."

"पानगळ म्हणतात ती हीच," दादा म्हणाला होता, आणि आई सोडून सगळे हसले होते.

घरी फोन रविवारी व्हायचा. तळमजल्यावर जिन्याखाली एक फोन होता, त्यात कार्ड सरकवायचं आणि आकडे दाबायचे. पहिल्या दोन रविवारी बाबा बोलले. बोलले म्हणजे काय, "बरी आहेस ना?" आणि "स्वेटर घालतेस ना?" एवढंच. तिसऱ्या रविवारी ते अंघोळीला गेले होते. चौथ्या रविवारी झोपले होते. पाचव्या रविवारी कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं.

"हाक मार ना त्यांना," पुस्ती म्हणाली.

"अगं, माणूस लांबून आलंय," आई घाईघाईने म्हणाली. "ते तुझी आठवण काढतात हो रोज. तू जेवलीस का?"

पुस्ती फुरंगटली. लांबून फोन करणाऱ्या मुलीपेक्षा लांबून आलेलं गिऱ्हाईक मोठं! ती जिना चढून वर गेली आणि वही काढून बसली. वही अजून निम्मीसुद्धा भरली नव्हती. मग तिने एक गोष्ट केली, आणि ती पुढे आयुष्यभर तिला टोचत राहिली. पुढच्या रविवारी तिने फोनवर सांगितलं, "दादा, बाबांना म्हणावं वही संपली. दुसरी हवी."

"इतक्यात?" दादा म्हणाला. "एवढं काय लिहितेस? पंचांग?"

"अभ्यास असतो इथे. तुमच्या खात्यासारखं नाही."

"बरं, बरं. सांगतो त्यांना."

तिला वही नको होतीच. आपल्यासाठी बाबा टेबलाशी बसतात की नाही, तेवढं तिला बघायचं होतं.

मग ती वाट बघायला लागली. दुपारी ती ग्रंथालयाच्या तळघरात काम करायची. परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर घालून जागच्या जागी लावायची. पुस्तक हातात आलं की तिचा अंगठा आपोआप त्याच्या पाठीवरून फिरायचा. सगळी गोंदाची. एकदा एका जाड कोशाची मधली पानं सुटून तिच्या पायावर पडली, तेव्हा ग्रंथपालबाई म्हणाल्या, "टाकून दे, नवीन मागवू." पुस्तीला ते पुस्तक टाकवेना. तिने ते गाडीच्या खालच्या फळीवर ठेवलं आणि दिवसभर बरोबर फिरवलं.

पार्सल आलं तेव्हा झाडांवर पान उरलं नव्हतं. शनिवारपासून खाली रखवालदाराकडे पडलेलं ते मॉनिटरनेच वर आणलं. "तुझ्या माहेरचा आहेर आलाय. उघड लवकर, खायचं असेल तर अर्धं माझं."

खायचं काही नव्हतं. तपकिरी कागदात एक वही आणि एका पुठ्ठ्याच्या तुकड्यात खोचलेली सुई, भोवती मेण लावलेला दोरा गुंडाळलेला.

"हे काय? सुई?" मॉनिटर म्हणाली. "बटणं तुटली तुझी, हे त्यांना तिकडे बसून कळलं?"

"चुकून राहिली असेल," पुस्ती म्हणाली. ती हसत होती. तिने वही नाकाशी नेली, खळीचा वास घेतला. पुठ्ठ्याचा एक कोपरा किंचित बोथट होता. बाबांचे कोपरे बोट कापतील असे असत. प्रवासात दबला असेल, असं तिने मनाशी म्हटलं. मग सवयीने तिने शेवटचा जुस मधोमध उघडला.

दोऱ्याची दोन टोकं उजवीकडे झुकली होती.

तिने वही फिरवून पाहिली. उलटी धरून पाहिली. गाठ उलटी धरली म्हणून पीळ बदलत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी तिने पाहिली.

"काय गं? फाटकी निघाली का?" मॉनिटरने विचारलं.

"ही बाबांनी नाही शिवलेली."

"मग त्यांच्या माणसाने शिवली असेल."

"त्यांच्याकडे माणूस नाही," पुस्ती म्हणाली. अंघोळ, झोप, गिऱ्हाईक, सगळे रविवार एकामागून एक तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

त्या दिवशीही रविवारच होता. जिन्याखाली तिच्या आधी दोघं उभे होते. मॉनिटरने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, ते बाजूला झाले.

"दादा, वही मिळाली."

"मिळाली? वा! कशी आहे?"

"कोणी शिवली?"

"कोणी म्हणजे? बाबांनी. दुसरं कोण शिवणार, तुझ्या सासरचे?"

"शेवटची गाठ कोणी मारली?"

"अगं, गाठ ती गाठ. तिला काय..."

"दादा, बाबा कुठे आहेत?"

"प्रेसवर गेलेत."

"रविवारी प्रेसला कुलूप असतं."

पलीकडून आईचा आवाज आला, लांबून, "सांग रे तिला. किती दिवस झाकायचं."

दादाने सांगितलं. ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात, सकाळी, कामाच्या टेबलाशीच. डावं अंग गेलं. हात, पाय, अर्धं तोंड. जीव वाचला. शब्द नाही फुटत, नुसता आवाज येतो. डॉक्टर म्हणतात, चालतील काठीने, पण हाताचं काही सांगता येत नाही.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? बॅग भरली असतीस. हेच नको होतं त्यांना. मी फोनकडे बोट दाखवलं, तर मान हलवायला लागले, थांबेचनात."

"आणि वही?"

"तू संपली म्हणालीस. मी त्यांच्यासमोर बोलायलाच नको होतं. ऐकलं आणि कपाटाकडे बघायला लागले. कागद काढेपर्यंत आम्हाला चैन पडू देईनात. आईने घड्या घातल्या, तिला मोतीबिंदूने दिसत नाही नीट. मी शिवली. ते पलंगावरून बघत होते. पहिली वही केली, ती त्यांनी उजव्या हाताने खाली ढकलली. दुसरीही ढकलली. दोन-दोन तास बसायचो गं ऑफिसातून येऊन. ही तिसरी. ही त्यांनी ठेवून घेतली."

पुस्तीने भिंतीला डोकं टेकलं. भिंत बर्फासारखी होती.

"दादा, माझी वही संपली नव्हती."

"काय?"

"निम्मी कोरी आहे. बाबा फोनवर येत नव्हते म्हणून मी मुद्दाम..."

कार्डाची मिनिटं संपत आली होती.

"त्यांना सांगू नकोस हे कधी," दादा म्हणाला. "आणि तूही मनाला लावून घेऊ नकोस. त्या वहीपायी ते रोज उठून बसायचे. नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे."

"मी येते."

"ऐक माझं. पार्सलात सुई होती?"

"होती. चुकून..."

"चुकून नाही. मी पार्सल बांधत होतो, तर त्यांनी ती उशाखालून काढून आत टाकली. त्यांची स्वतःची सुई ती. आईला वाटलं भ्रमात टाकली, ती बाहेर काढायला लागली, तर तिचा हात धरला त्यांनी. सोडेचनात. मलाही तेव्हा कळलं नाही. मागाहून कळलं."

पुस्तीलाही कळलं. आता वही येणार नव्हती, ती तिने इथेच बसून शिवायची होती. आणि तिने परत यायचं नव्हतं.

"त्यांच्या कानाला लाव फोन," ती म्हणाली.

खरखर झाली. कुणीतरी उशी सरकवल्याचा आवाज आला. मग जड, ओढत घेतलेला श्वास.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, सुई मिळाली."

पलीकडून एक आवाज आला. तो शब्द नव्हता. पुन्हा एकदा आला, जरा लांब. तेवढ्यात कार्ड संपलं.

मॉनिटर जिन्याच्या पायरीवर बसून होती. वर आल्यावर तिने आपल्या खोलीतून कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणून दिला आणि दार हलकेच लोटलं. या वेळी किल्ली पुस्तीच्या खिशात होती.

पुस्ती टेबलाशी बसली. आठ कागद मोजले, दुमडले, नखाने घडी बसवली. दुसरा जुस, तिसरा. टाचणीने भोकं पाडली. मेणाचा दोरा ओवायला तिला चार खेपा लागल्या, कारण डोळे सारखे भरत होते. मग टाके सुरू झाले. बाहेर दुपार कलत होती, खालून बस जाताना काचा थरथरत होत्या.

तिने मान वर केली ती पाठ अवघडली म्हणून. समोर आरशात दोन हात शिवत होते. सुई डाव्या हातात होती. उजव्या हाताचा अंगठा जुस दाबून धरत होता, डावा हात दोरा लांब ओढून घेत होता, आणि टाका बसला की करंगळी जराशी वर उचलली जात होती. ही करंगळी आपणही उचलतो, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

शेवटच्या जुसापर्यंत ती त्या हातांकडे बघतच शिवत गेली. सुई दोनदा बोटात घुसली. मग तिने गाठ मारली. टेबलावर दोऱ्याची टोकं उजवीकडे पडली. आरशातल्या त्या हातांच्या ती डावीकडे झुकली.

तिने नजर हातांवरच ठेवली. आणखी वर पाहिलं असतं, तर तोंड आपलंच दिसलं असतं.