मारुतीपुढची गोटी

मला हात लावण्याआधी पुरुष तळहातावर थुंकतात, एकदा आजूबाजूला बघतात आणि मग खाली वाकतात. कोण कोण बघतंय, याची आधी खात्री करून घेतात. किती पिढ्या मी हेच पाहत आलेय, आणि खरं सांगू का, आता मला या सगळ्याचा शीण आलाय.

मी गोटी. पोरांच्या खिशातली काचेची नव्हे. मावळातल्या एका गावात, मारुतीच्या देवळासमोर पडलेला काळा गोल धोंडा म्हणजे मी. घोरावाडी स्टेशनवर उतरून रिक्षात बसलात, की वाटेत बोलता बोलता आमचं गाव येतं. इथं येण्याआधी मी इंद्रायणीच्या पात्रात सुखात होते. पाण्यानं मला इतकं घासलं, की धरायला कुठं कोपरा उरला नाही की खाच उरली नाही. तालमीतल्या कुणा हौशी पहिलवानाला नेमकं तेच आवडलं. त्यानं मला बैलगाडीत घालून इथं आणून टाकलं, आणि माझ्या सुखाचे दिवस संपले.

तेव्हापासून गावात रीतच पडली. लग्न लावून आलेल्या नवरदेवानं मारुतीचं दर्शन घ्यायचं आणि घरी जाण्याआधी मला उचलायचं. गुडघ्याशीच अडली तर हसायचं. छातीला लावली तर 'बरं हाय' म्हणायचं. आणि खांद्यावर घेऊन मागं टाकली, तर गुलाल, शिट्ट्या आणि जन्मभराचा मान. बायकांनी मला शिवायचं नाही. पलीकडच्या वस्तीतल्या पोरांनी तर जवळ फिरकायचंही नाही. आमच्या गावात मर्दानगीलासुद्धा शीव आखलेली होती.

निवृत्ती नावाच्या गड्याच्या हातून मी गुडघ्याच्या वर गेले नाही. झालं, त्या दिवसापासून त्याचं नाव 'गुडघ्या' पडलं. माणूस सोन्यासारखा. कुणाची गाय व्यायला अडली, तर भरल्या ताटावरून उठून जाणारा. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तिची लुगडी यानं स्वतः धुतली, तिला भरवलं, शेवटपर्यंत. पण गावाच्या लक्षात राहिला तो गुडघा. पुढं त्याच्या मुलाचं लग्न निघालं, तेव्हाही लोक 'गुडघ्याच्या पोराचं लगीन' असंच म्हणत होते.

आणि भिमाजी! त्यानं मला खांद्यावर घेतलं. उंच, देखणा गडी, मिशीला पीळ. मला छातीशी धरलं तेव्हा त्याचं काळीज माझ्या अंगावर धडधडत होतं. जोर करून त्यानं मला खांद्यावर चढवलं, आणि त्याच क्षणी त्याच्या कमरेत काहीतरी कट्‌कन वाजलं. हलगीच्या कडकडाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मला गेलं. 'आई गं' हे दोन शब्द त्याच्या घशापर्यंत आले होते. त्यानं ते गिळले, मला मागं टाकलं आणि गुलालात माखून ताठ मानेनं घरी गेला.

मग तो जन्मभर ताठच चालला. चारचौघांत ताठ आणि घरी गेला की भुईवर पालथा. त्याची बायको सरुबाई रोज त्याच्या कमरेला तेल चोळायची. मला हे कळलं, कारण दर शनिवारी ती मारुतीला तेल घेऊन यायची आणि पायरीवर बसून देवाशी बोलायची. "देवा, मानसाला तोंड दिलंस, मग दुखतंय म्हनाया का न्हाई दिलं?" असं ती विचारायची.

दिवस पालटले. रस्ता डांबरी झाला. जीपच्या मागच्या काचेवर मर्द मावळ्यांची चित्रं आली, लग्नाच्या फ्लेक्सवर पोरं गॉगल घालून उभी राहिली. लोणावळ्याला निघालेले पर्यटक मधेच थांबून मला उचलून बघू लागले, तळेगावच्या सोसायट्यांमधली जिमवाली पोरं हातमोजे घालून आली. तीही आधी आजूबाजूला बघत. फक्त आता मोबाईल चालू आहे ना, एवढं जास्तीचं बघत.

भिमाजीचा मुलगा कैलास तळेगावला कारखान्यात लागला. तिथं जड काम करताना त्याला हर्निया झाला. ऑपरेशन करावं लागलं. भिमाजीनं मात्र गावात सांगितलं, की कंपनीनं पोराला ट्रेनिंगसाठी बाहेरगावी धाडलंय. तेवढ्यावर थांबता, तरी चाललं असतं. पण साखरपुड्यात सोयऱ्यांसमोर याची छाती फुगली आणि हा म्हणाला, "माझं पोरगं गोटी खांद्याव घेनार!"

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा बापलेक माझ्याशेजारीच उभे राहून भांडले.

"आबा, डॉक्टर काय म्हनला ते तुमीबी ऐकलंय. पोटात जाळी बसवलीय. फाटली तर परत कापाकापी."

"छातीपतुर तरी घे. माझी मान खाली घालू नगंस."

"ऑपरेशन झालंय म्हनून सांगितलं तर काय व्हतंय?"

"कुटं झालंय म्हनून सांगशील? नव्या नवरीम्होरं?"

"सविताला म्या आधीच सांगितलंय. ती म्हनली, उचलू नका."

भिमाजीचा चेहरा पडला. "म्हंजी फकस्त गावाला सांगायचं ऱ्हायलंय," एवढं बोलून तो निघून गेला. जाताना एकदा भिंतीला धरून थांबला, ते मी पाहिलं. वाटलं, हाक मारावी. पण दगडाची हाक कोण ऐकतो?

लग्नाच्या दिवशी दुपारी वरात देवळापाशी आली. डीजेच्या आवाजानं माझ्या पोटात हादरे बसत होते. कैलासचा चुलतभाऊ अतुल मोबाईल धरून सर्वांत पुढं. आणि 'उचल, उचल' म्हणून सर्वांत मोठ्यानं कोण ओरडत होता, सांगा बरं? निवृत्ती! ज्याला 'गुडघ्या' हे नाव आयुष्यभर सलत राहिलं, तोच. माणसांचं हे मला कधीच उमगलं नाही.

कैलासनं फेटा काढून अतुलकडे दिला. गाडीपाशी उभी असलेली सविता "अहो, नको ना" म्हणाली, पण ते डीजेत बुडालं. त्यानं तळहातावर थुंकून आजूबाजूला बघितलं आणि तो वाकला. त्याची बोटं माझ्याखाली शिरली. ती थंडगार होती. मला पोराची फार दया आली. पण दगडाला काय येतं? मी नुसती जमिनीला चिकटून राहिले.

एवढ्यात गर्दीतून आवाज आला, "सरक रे, कैलास."

सरुबाई होती. नव्या जरीच्या लुगड्यात, हातात ओवाळणीचं ताट. ताट तिनं सवितेच्या हातात दिलं, पदर सावरला आणि सरळ माझ्यावर बसली.

डीजे बंद पडला. निवृत्ती पुढं आला. "वैनी, आवो काय करताय? बाईमानसानं गोटीला शिवायचं नसतं."

"सकाळधरनं उभी हाय, भावजी. पाय गेलं माझं. उचलायचीय न्हवं गोटी? माझ्यासकट उचला. कोन मर्द हाय त्यानं म्होरं या!"

अतुलनं मोबाईल खाली केला.

"आन भावजी, तुमी वरडताय? तुमी?" निवृत्तीनं मान खाली घातली. मग ती नवऱ्याकडं वळली. तिचा आवाज एकदम उतरला. "एका दिसाच्या गुलालापायी जलमभर तुमची कंबर चोळली. माझं हात झिजलं. आता सुनंचंबी झिजवायचं का?"

भिमाजीनं नजर वळवली. कैलास मात्र सरळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. मी उचलनार न्हाई." मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सवितेनं ताट एका हातात घेतलं, दुसऱ्या हातानं सासूला उठवलं, आणि वरात मला तिथंच सोडून घरी गेली.

गाव लगेच सुधारलं, असं समजू नका. पुढच्याच लग्नात एकानं मला पुन्हा छातीला लावलं. पण सरुबाई बसली तेव्हापासून बायका बिनदिक्कत माझ्यावर टेकतात, एसटीची वाट बघतात, गुडघे चोळतात. मला ते बरं वाटतं. तुम्हीही कधी या बाजूला आलात तर मला उचलू नका. मी दमलेय, तुम्हीही दमला असाल. थोडं टेका.

भिमाजी बरेच दिवस देवळाकडं फिरकला नव्हता. परवा सकाळी काठी टेकत आला. सवयीनं त्यानं आजूबाजूला बघितलं. पायरीवर निवृत्ती बसला होता, रोखून बघत होता. भिमाजी क्षणभर घुटमळला. मग कमरेवर हात ठेवून हळूहळू माझ्यावर बसला आणि इतक्या वर्षांनी मोठ्यानं म्हणाला, "आई गं!"

"लय दुखतंय व्हय?" निवृत्तीनं विचारलं.

"लय," भिमाजी म्हणाला.