इंग्रिदीचा विलाप

समुद्रकाठच्या आकोमे गावात कुणी गेलं की घरचे लोक आधी शवपेटीसाठी सुताराकडे जायचे आणि तिथून थेट कोसिवाकडे. कोसिवा मयताची गाणी रचायची. गेलेल्या माणसाच्या अंगणात बसून ती घरच्यांना खोदून खोदून विचारायची: चालायचा कसा, चिडायचा कशावर, एकटा असला की काय पुटपुटायचा. मग पुरण्याच्या दिवशी तिच्या मेळ्यातल्या बायका गायला लागल्या की तो माणूस असा डोळ्यांसमोर उभा राहायचा की त्याच्याशी उभा दावा मांडलेलेसुद्धा ढसाढसा रडायचे.

दरवर्षी अमेरिकेतल्या एका कॉलेजातून गाणारे-वाजवणारे पाच-सहा जण गावात शिकायला येत आणि इथले एक-दोघं तिकडे शिकवायला जात. कोसिवाचा भाचा डेलाली तिकडे ढोल शिकवून आला होता. आता पाहुण्यांची सगळी व्यवस्था तोच बघायचा. पाहुणे ढोल शिकत, नाच शिकत, आणि कुणीतरी एक जण हमखास कोसिवाच्या दारात येऊन म्हणे, "आम्हाला विलाप शिकवा."

"कोण गेलं?" कोसिवा विचारायची.

"कुणी नाही. नुसतं शिकायचंय."

"मग ढोल शिका. ढोल कुणासाठीही वाजतो."

शेजारच्या अकूला हे पटत नसे. ती मेळ्यात कोसिवाच्या मागून ओळ उचलायची आणि तिची जीभ मिरचीसारखी होती. "शिकव की गं. त्यांना काय कळतंय?"

"त्यांना नाही कळत, मेलेल्यांना कळतं. मी हाक मारायची, त्यांनी तिकडून उठून यायचं, आणि इथे म्हणायचं, काही नाही, गंमत केली? तुला चालेल असं?"

त्या वर्षी थिया आली. उंच, हडकुळी, तिशीच्या आतली. तिकडे शाळेतल्या मुलांना समूहगायन शिकवायची. गावची भाषा मोडकीतोडकी बोलायची, पण बोलायला लाजायची नाही. कुणी न सांगता सकाळी येऊन कोसिवाबरोबर वाळूवर मांदेली वाळत घालायला बसायची. एकदा मासळी पसरता पसरता तिनेही तेच विचारलं.

"कोण गेलं?" कोसिवाने मान वर न करता विचारलं.

थियाने एक मांदेली उलटली, पुन्हा सरळ केली. मग म्हणाली, "माझी आई."

कोसिवाने टोपली बाजूला ठेवली. "कधी?"

"बरीच वर्षं झाली."

"आणि कुणी गायलं नाही तिच्यासाठी?"

"नाही."

कोसिवाच्या मनात आलं, इतकी वर्षं ती बाई मेलेल्यांच्या नदीच्या अलीकडेच ताटकळत उभी असणार. पलीकडे न्यायला कुणी हाकच मारलेली नाही. "उद्यापासून माझ्या वाफ्यात येत जा," ती म्हणाली. "कांदे उपटता उपटता सांग."

थियाने सुरुवातीला मोजकंच सांगितलं, पण मग तिचं तोंड थांबेना. अडेल तिथे डेलाली अर्थ सांगायचा. आईचं नाव इंग्रिड. मोठ्या तळ्याकाठच्या गावात ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. जेवणाच्या टेबलावरसुद्धा तिची बोटं चालूच. कोटाच्या खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या, आणि प्रार्थना ऐन रंगात आली की नेमका तो कागद चुरचुरायचा. चालताना डावा पाय बाहेर टाकायची. हिवाळ्यात तळं गोठलं की एकटीच बर्फावर जाऊन उभी राहायची आणि पाणी आतून कसं कण्हतं ते ऐकायची.

एके दिवशी थिया अचानक म्हणाली, "बाबा गेले तेव्हा तिने मला गाऊ दिलं नाही. बाहेरून गायिका आणली. मी गाणारी मुलगी, आणि मी बाकावर बसून ऐकलं."

कोसिवाचा हात वाफ्यातच थांबला. "हेही घालू गाण्यात?"

"घाला."

"घालायलाच हवं. खोटं गाणं पोचत नाही," कोसिवा म्हणाली.

गाणं झालं, तेव्हा तिचं तिलाच वाटलं की बऱ्याच दिवसांत असं उतरलं नव्हतं. इंग्रिड हा शब्द गावाच्या जिभेवर बसेना, म्हणून तिची इंग्रिदी झाली.

*इंग्रिदी निघाली, डावा पाय बाहेर टाकत निघाली,*
*गोठल्या पाण्यावर उभी राहून ऐकायची,*
*लेकीचा गळा तेवढा तिने ऐकला नाही.*
*एसिनाम, माझ्या बहिणी, चटईवर जरा सरक,*
*उंच बाई येतेय, तिचे पाय लांब आहेत.*

एसिनाम ही कोसिवाची धाकटी बहीण, बाळंतपणात गेलेली. परक्या मुलखातली बाई, तिचं तिकडे ओळखीचं कोण असणार? म्हणून कोसिवाने तिला आपल्या माणसांत जागा मागितली.

शनिवारी मयताच्या मैदानावर मेळा बसला. भावकीतले वडीलधारे तोग्बुई अक्लासू यांनी पिठाचं पाणी आणि दारू जमिनीवर ओतून पूर्वजांना इंग्रिदीचं नाव सांगितलं. पहिली ओळ थियाने उचलली आणि अख्खं मैदान रडलं. थिया तर मातीत बसली, अकूने तिला धरून उठवलं. थियाबरोबरच्या एका पोराने फोनवर सगळं टिपलं आणि कॉलेजच्या पानावर टाकलं. खाली अर्थही लिहिला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, ऊन चढत असताना, कोसिवा आणि अकू दारापुढे मांदेली उलटत होत्या. रस्त्यावर टॅक्सी थांबली. तिच्यातून एक गोरी म्हातारी उतरली. उंच, निळ्या टोपीतली, हातात छोटी बॅग. ती वाळूतून त्यांच्याकडे चालत यायला लागली.

कोसिवाने सहज वर पाहिलं आणि तिची नजर त्या बाईच्या पायांवर खिळली. डावा पाय बाहेर पडत होता. दर पावलाला.

'अशा चालणाऱ्या बायका काय कमी असतात,' तिने स्वतःला सांगितलं. म्हातारी सावलीत येऊन थांबली. दाराशी लाकडी बाक होता, त्यावर तिने हात टेकवला, आणि तिची बोटं बाकावर चालू लागली. एकामागून एक, जणू खाली पट्ट्या आहेत.

कोसिवाच्या हातातली टोपली निसटली. मासळी वाळूत सांडली.

"थिया?" म्हातारीने इकडेतिकडे बघत विचारलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "इंग्रिड."

अकूने अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. पोरं पळाली. जाळी विणणारे पुरुष उठून उभे राहिले, पण पुढे कुणी येईना. कोसिवा सांडलेल्या मासळीतच उभी होती. तिने हाक मारली होती आणि ती आली होती. पण उलट्या बाजूने, टॅक्सीतून, दिवसाढवळ्या.

शेवटी अकूच पुढे झाली. तिने एक बोट लांब करून म्हातारीच्या दंडाला लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"गरम आहे," ती कुजबुजली. "कोसिवा, ही गरम आहे गं!"

डेलाली ढोलाची टिपरी हातात घेऊनच धावत आला. तो म्हातारीशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलला आणि कोसिवाकडे वळला.

"मावशी, ही थियाची आई आहे."

"ते दिसतंय मला. ही मेली कधी ते विचार."

"मावशी," डेलाली टिपरी काखेत मारत म्हणाला, "ही मेलीच नाहीये."

थियाला कुणीतरी बोलावून आणलं. गर्दीने तिला वाट दिली, आणि आईला बघताच ती जागच्या जागी थिजली. दोघींमध्ये चार हातांचं अंतर. कुणीच ते तोडलं नाही.

कोसिवा थियाकडे वळली. "कोण गेलं म्हणून मी विचारलं होतं. तू काय सांगितलंस?"

"माझी आई."

"मग ही कोण?"

थियाची मान खाली गेली. "माझी आई."

गर्दीतून एक सुस्कारा गेला. थिया भडाभडा बोलायला लागली, अर्धं गावच्या भाषेत, अर्धं स्वतःच्या. "बाबा गेल्यापासून आम्ही बोललो नाही. माझ्या लेखी ती गेलीच होती. मला शिकायचं होतं. तुम्ही दुसऱ्या कशाने शिकवलं नसतं."

"तुझ्या लेखी!" कोसिवा म्हणाली. "माझी बहीण काय तुझ्या लेखी मेलीय? तिला मी सांगितलं, सरक, जागा कर. ती बिचारी सरकली असेल. आता तिथे एक जागा रिकामी आहे, पोरी. कोण बसणार त्या जागेवर? ही? तू? का मी?"

अकूने आपल्या नातवाला पदराशी ओढून घेतलं.

म्हातारीने डेलालीच्या बाहीला धरून सगळं शब्दन्‌शब्द सांगायला लावलं. कोसिवाला वाटलं, आता ही ओरडेल, निदान रडेल तरी. म्हातारीने खिशातून एक गोळी काढली, कागद न सोडताच बोटांत फिरवली, आणि संथपणे बोलू लागली.

"ती म्हणतेय, मी फोनवर ऐकलं," डेलाली सांगू लागला. "पुन्हा पुन्हा ऐकलं. म्हणतेय..." तो अडखळला. "म्हणतेय, तिसऱ्या ओळीला थियाचा सूर उतरलाय."

"उतरलाय खरा," कोसिवाच्या तोंडून निघून गेलं. तिला तेव्हाच कळलं होतं. आई गेलेल्या पोरीला काय टोकायचं, म्हणून ती गप्प बसली होती.

थिया हसली की हुंदका दिला, ते कुणाला कळलं नाही. "बघा. हे बोलायला ती एवढ्या लांबून आली."

म्हातारीने आता थेट लेकीकडे पाहिलं. डेलाली खालच्या आवाजात सांगत गेला. "म्हणतेय, ह्या गोळ्यांची चव मला कधीच आवडली नाही. प्रार्थना चालू असताना तुला खोकला यायचा, म्हणून तुझ्यासाठी ठेवायचे. आणि बाबांच्या मयताच्या दिवशी तू गायली असतीस तर ऑर्गनवर माझे हात थांबले असते. कुणीतरी वाजवायला तर हवं होतं."

थिया ओरडलीच. "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. निघून गेलीस."

कोसिवा खाली बसून वाळूत सांडलेली मासळी गोळा करू लागली. गाण्यातली लेकीच्या गळ्याची जी ओळ ऐकून गाव सर्वांत जास्त रडलं होतं, तीच खोटी निघाली होती. पोरीला ती खरी वाटत होती, कोसिवाला खरी वाटली होती, आणि मेलेल्यांपर्यंत ती तशीच गेली होती.

तोग्बुई काठी टेकत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "असं आजवर झालेलं नाही," ते म्हणाले, आणि ते ऐकून लोक जास्तच घाबरले. "ज्या तोंडाने बोलावलं त्याच तोंडाने परत फिरवावं लागेल. कोसिवा, तुला गावं लागेल. आणि ज्या तोंडाने खोटं सांगितलं त्यालाही बोलावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एसिनामच्या थडग्यापाशी जमले. म्हातारी अनवाणी उभी राहिली. तोग्बुईंनी पिठाचं पाणी ओतलं. कोसिवाने आयुष्यभर माणसांना पलीकडे पोचवलं होतं, परत कुणाला आणलं नव्हतं. असं गाणं कुणी बांधलेलंच नव्हतं. मग तिने बहिणीशी बोलावं तसं म्हणायला सुरुवात केली.

*एसिनाम, पुन्हा ऐसपैस बस, पाय पसर,*
*उंच बाई येत नाही, मी चुकीच्या दारात हाक मारली.*

मागून बायकांनी ओळ उचलली, पण आवाज कापत होते. अकूचासुद्धा.

मग थियाची पाळी. तिला एवढंच गाऊन म्हणायचं होतं: मी खोटं बोलले, माझी आई जिवंत आहे. तिने तोंड उघडलं, आवाज फुटेना. पुन्हा उघडलं, पुन्हा नाही. तोग्बुईंची काठी अस्वस्थ झाली. तेवढ्यात तिच्या मागून एक बारीक, कोरडा सूर आला. म्हातारी ओठ मिटून सूर देत होती. तो तिने सोडला नाही. पोरीला तो सापडेपर्यंत धरून ठेवला. मग थिया गायली, आणि या वेळी सूर उतरला नाही.

दोघींनी गळामिठी बिठी काही मारली नाही. दोन दिवसांनी म्हातारीची टॅक्सी आली. थिया तिच्याबरोबर गेली नाही, पण बॅग उचलून रस्त्यापर्यंत गेली. दोघी तिथे बराच वेळ बोलत उभ्या होत्या. काय बोलल्या, कोसिवाने डेलालीला विचारलं नाही.

थिया मुदत संपेपर्यंत राहिली. रोज सकाळी येऊन मासळी पसरायची. कोसिवा तिच्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण गाण्याचा विषय काढला की उठून आत जायची. रागावून नव्हे. तिला स्वतःच्या गळ्याचीच भीती बसली होती.

पुढे गावातला एक म्हातारा कोळी वारला. मुलं बोलवायला आली. कोसिवा गेली, पण अंगणात बसली नाही. सरळ आतल्या खोलीत शिरली, चादर बाजूला केली आणि म्हाताऱ्याच्या छातीवर तळहात ठेवून उभी राहिली. मुलं संतापली. "मावशी, आमच्यावर विश्वास नाही?" तरी तिने हात लवकर काढला नाही. आता प्रत्येक मयताला ती असंच करते. अकू तिची चेष्टा करते, "आल्या आमच्या डॉक्टरीणबाई," म्हणून. पण पहिल्यासारखं मोकळं हसू अकूलाही येत नाही.

डेलालीच्या फोनवर तिकडचा नंबर दिसला की कोसिवा हातातलं काम टाकते आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहते. तो ऐकतो, हं हं म्हणतो, आणि मग हाताने खूण करतो, ठीक आहे, म्हातारी ठीक आहे. तेव्हा कुठे ती टाकलेलं काम पुन्हा उचलते.