जावयाची अकरा पत्रं

मला चौकस म्हणा नाहीतर भोचक म्हणा, पण वकिलातीचं पाकीट मीच फोडलं. नाव अलकनंदाचं होतं, पण लेक ऑफिसात, हे ऑफिसात, घरात मी आणि पाकीट. कॅनडातल्या नवऱ्याकडे जाण्यासाठी तिनं अर्ज केला होता. त्यांनी लिहिलं होतं, हे लग्न खरं असल्याची आमची खात्री पटत नाही. साठ दिवसांत आणखी पुरावे द्या, नाहीतर आहेत त्यांवर निर्णय घेऊ.

पटत नाही म्हणे! चारशे माणसं जेवून गेली आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी कॉलनीतल्या मांडवातून.

आमचे हे, गुणवंतराव, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. अर्जाची फाईल त्यांनी स्वतः लावलेली. शहाऐंशी पानं, प्रत्येकावर नंबर, वर अनुक्रमणिका. "यात कमी काय आहे?" असं दोनदा विचारलं आणि चहा तसाच ठेवून दिला.

मला मात्र राहवेना. वकिलातीच्या पत्राखाली जिची सही होती, त्या बाईला ही फाईल उघडल्यावर दिसतं तरी काय? दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मा लावून तिच्यासारखी टेबलाशी बसले आणि पहिल्या पानापासून वाचलं. लग्नाचे चोवीस फोटो. एकात मध्ये अंतरपाट, दुसऱ्यात मध्ये मामा, बाकीच्यांत निम्मी कॉलनी. दोघं नैनितालला गेली होती, तिथला एकही नाही. लेकीचा तो अल्बम बापानं कसा मागायचा, म्हणून ह्यांनी मागितलाच नव्हता. आणि पत्रं? अकरा. सगळी 'तीर्थरूप बाबांस, कृष्णातचा शिरसाष्टांग नमस्कार'.

अगं बाई! ही फाईल वाचून कुणालाही वाटेल, जावयानं लग्न सासऱ्याशीच केलंय.

संध्याकाळी ह्यांना हे सांगितलं तर चेहरा एवढासा झाला. त्या पत्रांचं केवढं कौतुक त्यांना! "जावई मनातलं मला सांगतो," असं कॉलनीभर सांगत फिरायचे.

अलकाला आत नेऊन विचारलं, "तुला लिहितो ना गं तो?"

"लिहितो की. डबा भरलाय."

"मग दिली का नाहीस?"

"बाबांच्या हातात? आई, प्लीज यार!"

शिवाय पत्रं मराठीत. इंग्रजी भाषांतर हवं, आणि ते घरच्यांनी केलेलं चालत नाही. म्हणजे समोरच्या ब्लॉकमधले शांतारामकाका, निवृत्त भाषांतरकार. "काकांनी वाचायची? बिल्कुल नाही. त्यापेक्षा मी जातच नाही," असं म्हणाली आणि ढसाढसा रडली. जात नाही कशी? तो गेल्यापासून अकरा महिने पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं. मी आई आहे, मला दिसत होतं.

"पाच निवड," मी म्हटलं, "आधी मी बघते." तिनं चार दिली आणि पाचवं हातात घट्ट धरून ठेवलं. मी ती मीच, म्हटलं, तेच दे.

मला वाटलं होतं, काहीतरी गोडगोड, लाजायचं असेल. तसलं काही नव्हतं. जानेवारीचं पत्र. कृष्णातची नोकरी सुटली होती. मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपत होता. 'रोज कामावर निघाल्यासारखा बाहेर पडतो आणि बसस्टॉपवर बसतो. तुला लिहिलं आणि आज झोप लागेल असं वाटलं. बाबांना सांगू नकोस.' मार्चमध्ये त्याला दुसरं काम मिळालं, असं अलका म्हणाली. तिनं आमच्याजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

मी फाईल उघडली. त्याच आठवड्यात ह्यांना आलेलं पत्र: 'येथे सर्व कुशल. नोकरी उत्तम चालली आहे. थंडी फार.'

दोन्ही पत्रं ह्यांच्यासमोर ठेवली. खोटारडा म्हणून भडकले असते तर सगळंच फिसकटलं असतं. ह्यांनी वाचलं. मग लेकीला विचारलं, "तू काय उत्तर दिलंस?"

"म्हटलं, मीठभात खाऊ, पण मला घेऊन जा."

"आणि इतके दिवस एकटीनं पोटात ठेवलंस?"

ह्यांनी फाईलचा टॅग सोडला, आपली अकरा पत्रं एकेक करून काढली आणि ते जानेवारीचं सगळ्यात वर लावलं. "माझी राहू देत घरी," म्हणाले, "त्यांत काही नाही." अल्बमही मागून घेतला, न उघडता माझ्याकडे दिला. मग भाषांतरासाठी काकांकडे स्वतः गेले. अलका या खेपेला नाही म्हणाली नाही.

सात आठवड्यांनी व्हिसा आला. अलका पासपोर्ट नाचवत मैत्रिणीकडे पळाली. हे ती अकरा पत्रं मांडीवर घेऊन बसले होते.

"मी हैदराबादला ट्रेनिंगला होतो, तेव्हा तुला पत्रं लिहायचो का गं?"

"मला नाही. माझ्या बाबांना लिहायचात."

"काय लिहायचो?"

"सर्व कुशल."

"तेव्हा मला कावीळ झाली होती."

"ठाऊक आहे. परत आलात तेव्हा डोळे बघून कळलं." इतकी वर्षं मी हे सहज सांगत आले होते, त्या दिवशी मात्र एकदम रडू फुटलं, आणि रागही आला, अस्सा राग! "मला लिहायचं होतंत ना हो," मी म्हटलं, "मी आले असते."