पहिल्या सीटवरच्या मॅडम

मित्रांनो, मी लोह्यातल्या एका शाळेची जुनी पिवळी बस. आता माझा पत्रा खडखडतो, दार हिसका दिल्याशिवाय लागत नाही. पण नवी होते तेव्हा मी गावात शिरले की लेकरं टाळ्या वाजवायची.

शाळेच्या बसमध्ये लेकरांसोबत एक बाई माणूस लागतंच. त्यासाठी वेगळं कुणी ठेवलं नाही. शाळेतल्या सत्यशीला मॅडमनाच सांगितलं, "तुम्ही येताच की शाळेला, बसमधून या." मग मॅडम तान्ह्या लेकीला सासूजवळ ठेवून उजाडायच्या आत यायच्या. कुणाचं नाक पुसायच्या, कुणाला मांडीवर निजवायच्या. नंतर दिवसभर चौथीला शिकवायच्या. विनोद सर चौथीच्याच दुसऱ्या तुकडीला शिकवत. ते मोटारसायकलवर घंटेला येत. त्यांना अकरा हजार, मॅडमना सात.

एकदा मॅडमनी संस्थाचालक महादेवप्पांना माझ्या दाराशीच गाठलं.

"अप्पा, काम सारखं, मग पगार असा का?"

"विनोद सरांना घर चालवायचं असतं. तुमचे मालक कमावतेत की! अन् तुम्हाला लेकरांची माया लई."

"माया हाय, अप्पा. पण किराणावाला ती घेत न्हाई. उद्यापासून मी घंटेलाच येते. पगार सारखा करा, न्हाईतर नांदेडात साडीच्या दुकानात नऊ हजार देतेत."

बोलताना त्यांचा हात माझ्या दांडीवर होता. दांडी त्या सोडत नव्हत्या. शिकवणं सुटेल याची त्यांनाच जास्त भीती होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मॅडम बसला आल्या नाहीत. माझे ड्रायव्हर बालाजीमामा किल्ली फिरवेनात. "बाई माणूस न्हाई तर गाडी न्हाई, अप्पा. नियम तुमचाच हाय."

गावोगावहून पालकांचे फोन सुरू झाले. अप्पांनी घाईनं शेजारच्या गंगम्माला विचारलं. ती म्हणाली, "महिन्याला पाच हजार घेईन. फुकट कोण बसतंय, मालक?"

अप्पांनी बोटांवर हिशोब केला: मॅडम फुकटात करत होत्या ते कामच पाच हजारांचं निघालं. त्या दुपारी मॅडमना अकरा हजार कबूल झाले.

आता माझ्यात गंगम्मा बसते. स्वभावानं रोखठोक, पण लेकरांना जपते. मला मात्र मॅडमची आठवण येते, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, तुम्हाला जीव लावणाऱ्या बाईंना जीव लावतात म्हणूनच कुणी कमी पगार देत असेल, तर ते बरोबर नाही, एवढं घरी नक्की बोला.

सकाळी आम्ही मॅडमच्या गल्लीतून जातो. त्या वेळी त्या निजलेल्या लेकीला पोटाशी घेऊन उंबऱ्यात बसलेल्या असतात. बालाजीमामा तिथं हॉर्न देत नाहीत. मीसुद्धा, जमेल तेवढा, पत्रा वाजू देत नाही.